निव्वळ वजन आणि आमचे आतोबा

बंद पाकिटात मिळणारी जगातली प्रत्येक वस्तू छापल्यापेक्षा कमीच भरलेली असते, आणि एखादी तशी नसेल तर त्यामागे त्याहून मोठा कट असतो, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या पुणे शहरात एकच होता, आणि तो आमच्या आत्याच्या वाट्याला आला. माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. या खात्याचं सरकारी नाव फार भारदस्त आहे, पण ते पूर्ण उच्चारेपर्यंत दुकानदार काटा बदलून मोकळा होतो असं आतोबांचं म्हणणं होतं, म्हणून ते स्वतःही 'वजनमापे' एवढंच म्हणत. किराणा दुकानांतले काटे, दुधाची मापं, पेट्रोल पंप असं सगळं त्यांनी आयुष्यभर तपासलं, पण त्यांचा जीव खरा अडकला तो पाकिटांत. "काटा निदान डोळ्यांसमोर हलतो," ते म्हणत. "पाकीट म्हणजे तुमच्या पाठीमागे केलेलं वजन. भरताना तुम्ही तिथे होतात का? नव्हतात. मग कशावरून?"

दिसायला आतोबा उंच, किडकिडीत, आणि चेहऱ्यावर कायम रिक्षावाल्याने लांबच्या रस्त्याने आणल्यासारखा भाव. चष्म्याच्या वरून बघायची सवय अशी की ज्याच्याकडे बघतील तो मनातल्या मनात आपले खिसे चाचपू लागे. खांद्याला एक खाकी कापडी पिशवी असे. तीत जेवणाच्या डब्याएवढा इलेक्ट्रॉनिक काटा, कात्री, चिकटपट्टी आणि घरून भरून घेतलेली पाण्याची बाटली. ही पिशवी कामावर जाताना असायची ते समजू शकतो, पण ती लग्नकार्यांनाही असायची. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी कुणी गेलं की आत्या चहा टाकायची आणि बिस्किटांचा पुडा काढायची. आतोबा तो पुडा तिच्या हातातून अलगद काढून घेत, उलटा करून बारीक अक्षरं वाचत, पुड्याचं वजन करत, मग कात्रीने सरळ रेषेत कापून बिस्किटं ताटलीत मांडत, रिकाम्या वेष्टनाचं वजन वेगळं करत, वजाबाकी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत, आणि मग ताटली पाहुण्यापुढे सरकवत. तोवर चहावर साय धरलेली असे. बिस्किटं कमी निघाली तर आतोबांना जेवण गोड लागे. बरोबर निघाली तर मात्र चेहरा उतरे. "या खेपेला बरोबर आहेत," ते पुटपुटत. "म्हणजे यांना कुणीतरी आधी सांगितलेलं दिसतंय."

त्यांच्या संशयाला रविवारची सुट्टी नव्हती. माझी मुलगी झाली तेव्हा नर्सबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "मुलगी झाली, दोन किलो नऊशे." आम्ही सगळे एकमेकांना मिठ्या मारत होतो. आतोबा पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, "दुपट्यासकट, की दुपटं वगळून?" नर्सबाई म्हणाल्या, "अहो, बाळ आहे ते!" त्यावर आतोबा शांतपणे म्हणाले, "बाळाबद्दल तक्रार नाही. काट्याबद्दल विचारतोय. त्याच्यावर शेवटचा शिक्का कधीचा आहे?" शिक्क्याची मुदत उलटून गेलेली निघाली. माझी मुलगी आता कॉलेजात जाते, तरी तिच्या जन्माच्या वजनाचा विषय निघाला की आतोबा त्याच्यापुढे 'अंदाजे' हा शब्द घालतात. त्याच बाळाच्या पेढ्यांसाठी मी त्यांना बरोबर घेऊन जायची चूक केली. दुकानदाराने खोक्यासकट पेढे काट्यावर ठेवले. आतोबांनी खोकं उचलून त्याच्याकडे परत दिलं आणि सांगितलं, "मी पुठ्ठा खात नाही." दुकानदारही पेठेतलाच. तो म्हणाला, "मग पिशवीत न्या." "नेतो," आतोबा म्हणाले, "पण आधी पेढे तोला, पिशवी नंतर." मागे रांगेत दहा माणसं उभी होती. त्यांतल्या निम्म्यांनी त्या दिवशी खोक्याशिवाय पेढे मागितले, आणि उरलेल्या निम्म्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढची दोन वर्षं त्या दुकानाच्या समोरच्या फुटपाथने जायचो.

बरीच वर्षं त्यांच्याकडे येरवड्याचा भाग होता. यावरून आत्याला फार ऐकून घ्यावं लागे. "आमचे हे असतात येरवड्याला, असं नुसतं म्हणायची सोय नाही," ती सांगायची. "समोरची बाई लगेच आवाज खाली आणून विचारते, तुरुंगात की वेड्यांच्या इस्पितळात?" आणि मग आतोबांकडे बघून, "मी म्हणते, अजून ठरायचंय." आतोबांना विनोद कळत नसे असं नाही, पण ऐकल्यावर तो खरंच तेवढा आहे का, हे तपासल्यासारखे ते थोडा वेळ गप्प राहत आणि मग एकदाच हसत.

एकदा शहराबाहेरच्या एका फरसाणाच्या कारखान्यात ते तपासणीला गेले होते. त्यांच्याबरोबर तेव्हा काम करणाऱ्या शिपायाने ही हकीकत मला सांगितली. मालकाने स्वागताला सरबत आणलं. आतोबा आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले. मालकाने खुर्ची पुसून दिली, आतोबा उभेच राहिले. मग मालकाने समोरच रचून ठेवलेल्या पाकिटांकडे बोट करून म्हटलं, "घ्या साहेब, वाटेल ते उचला." आतोबा त्या थप्पीला वळसा घालून मागे गेले, भिंतीला टेकलेल्या सगळ्यांत खालच्या खोक्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ते द्या." "साहेब, तिथपर्यंत हात पोचणार नाही." "रचताना पोचला होता ना?" खोकी काढायला तासभर लागला. पुढची पाकिटं चोख भरलेली होती आणि मागची प्रत्येकी मूठभर कमी. आतोबांनी पाकिटं एकेक कापली, फरसाण वेगळं, वेष्टन वेगळं तोललं, पंचनामा लिहिला, माल जप्त केला आणि खटला कोर्टात जाईपर्यंत पाठपुरावा केला. "एखादं पाकीट चार ग्रॅम कमी भरलं तर कायदा समजून घेतो," ते मला सांगत. "माणसाचा हात आहे, यंत्र आहे, चुकतं. पण सगळ्यांची सरासरी कमी आली, की तो हात चुकलेला नसतो. तो शिकवलेला असतो."

हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं. घरात कुणी जेवताना भात कमी वाढला तरी 'आतोबांना बोलवू का' असं म्हणायची पद्धत होती. मग एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर वजनमापे खातं आमच्याच दारात येऊन उभं राहिलं, आणि हसणं बंद झालं.

झालं होतं असं. माझी बायको मीनल ज्या ऑफिसात होती ते ऑफिस पुण्यातून हललं आणि तिची नोकरी गेली. दोन महिने तिने खिडकीशी बसून काढले. मग एके दिवशी उठून तिने माझ्या आईची भाजणीची वही बाहेर काढली. माझ्या आईला सगळे माई म्हणत. ती जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण तिच्या थालिपिठांची आठवण नातेवाइकांत अजून निघे. आम्ही खडकीत स्टेशनजवळ एक खोली भाड्याने घेतली, शेजारीच गिरणी होती, आणि भाजायला, भरायला सुनंदाताई म्हणून तिथल्याच एक बाई मिळाल्या. पाकिटावर नाव छापलं 'माईंची भाजणी'. पाकिटावरचा मजकूर अर्थातच आतोबांनी तपासला, एकदा नव्हे तीनदा. पत्ता पुरा नाही, महिना कुठे आहे, तक्रारीसाठी फोन नंबर हवा. शेवटी म्हणाले, "निव्वळ वजन ५०० ग्रॅम, हे अक्षर मोठं करा. ज्याला चष्मा सापडत नाही त्यालाही दिसलं पाहिजे." अक्षर मोठं झालं. हळूहळू पेठेतल्या सात-आठ दुकानांनी आमचा माल ठेवला. मीनल पुन्हा गुणगुणायला लागली. दिवाळीसाठी चकलीच्या भाजणीची मागणी आली, तेव्हा आम्ही हौसेने जुन्या पातळ पिशव्या बदलून उभ्या राहणाऱ्या, वरून चेन असलेल्या जाड पिशव्या घेतल्या.

त्या सुमाराला आतोबा एका दुपारी खडकीच्या खोलीवर आले. सुनंदाताई भरत होत्या, मीनल चेन लावत होती. आतोबा स्टुलावर बसून नुसते बघत राहिले. एरवी आले की ते दहा चुका काढत. त्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "ही नवी पिशवी कधीपासून?" मीनल कौतुकाने म्हणाली, "दोन आठवडे झाले. छान दिसते ना?" "छान आहे," आतोबा म्हणाले, आणि एक पाकीट आत्यासाठी म्हणून घेऊन गेले. चहा न घेता गेले, पण ते तर कुणाकडेच घेत नसत. मीनल त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत मला म्हणाली, "आज काही बोलले नाहीत. मला हे बरं लक्षण वाटत नाही."

दहा-बारा दिवसांनी सकाळी एक तरुण निरीक्षक बाई दोन माणसांना घेऊन खोलीवर हजर झाल्या. बोलायला अत्यंत सभ्य. ओळखपत्र दाखवलं, आणि सांगितलं, "तक्रार आहे. पाकिटांचं वजन बघायचंय." त्यांनी थप्पीतून इथून एक, तिथून एक अशी पाकिटं निवडली, कापली, भाजणी वेगळी तोलली, पिशवी वेगळी तोलली. मी शेजारी उभा राहून आकडे बघत होतो. पहिलं कमी. दुसरं कमी. पाचव्या पाकिटाला मीनल भिंतीला टेकली. सगळी कमी होती, आणि सगळी सारखीच कमी होती. कारण त्या बाईंनीच पाच मिनिटांत शोधून दिलं. भरताना काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून तिचं वजन वजा करून घ्यायचं असतं. आम्ही ते जुन्या पातळ पिशवीच्या हिशेबाने एकदाच ठरवून ठेवलं होतं. नवी पिशवी जड होती, आणि जेवढी ती जड तेवढी भाजणी आत कमी जात होती. "मुद्दाम केलेलं नाही, ते मला दिसतंय," निरीक्षक बाई म्हणाल्या. "पण पाकिटावर छापलंय ते आत नाही. मला हे लिहावं लागेल." त्यांनी पंचनामा लिहिला, मालाला सील लावलं, आणि दुकानांतला माल विकू नका असं दुकानदारांनाही कळवलं गेलं. दिवाळीला अकरा दिवस होते. सुनंदाताई रिकाम्या परातीशेजारी बसून पदराने डोळे पुसत सारख्या म्हणत होत्या, "मी बरोबरच भरत होते हो वहिनी, काट्यावर पाचशेच दिसत होतं."

तक्रार कुणी केली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही वाटली नाही. मीनल एवढंच म्हणाली, "ज्यांनी पाकीट फुकट नेलं, त्यांनी." मी तसाच स्कूटर काढून नारायण पेठेत गेलो. आतोबा नुकतेच कामावरून आले होते. आत्या आत गॅसपाशी होती.

"आतोबा, तक्रार तुम्ही केलीत?"

"तक्रारदाराचं नाव सांगता येत नाही. नियम आहे."

"मी तुमच्या बायकोचा भाचा आहे!"

"नियमात भाचा नाही."

"एक फोन करता आला नसता? पिशवी जड आहे, एवढं एक वाक्य?"

"केला असता तर तू त्याच दिवशी सगळी पाकिटं फोडून पुन्हा भरली असतीस."

"मग चांगलंच झालं असतं की!"

आतोबांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. "आणि जी विकली गेली ती?"

मी आणखी मोठ्याने बोलू लागलो. मी काय काय म्हणालो ते आता लिहवत नाही. तुम्हाला माणसं दिसत नाहीत, नुसती वजनं दिसतात, असं म्हणालो. माईच्या नावामागे तुम्ही पोलीस लावलेत, असंही म्हणालो. आत्या चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली तेव्हा आतोबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती थांबली. मी चहा न घेता निघून आलो.

प्रकरण दंड भरून मिटलं. गुन्हा कबूल करून तडजोड करता येते, तशी केली. मीनलने काटा पुन्हा लावला, एकूण एक पाकीट नव्याने भरलं, आणि आतोबांच्या त्या एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती म्हणून मी दुकानांत पाटी लावली, की जाड पिशवीतलं आमचं पाकीट नेलं असेल तर ते दाखवून दुसरं घेऊन जा. फारच थोडे आले. दिवाळी मात्र हातची गेली. दोन दुकानांनी माल ठेवणं बंद केलं, तीही हळूहळू परत आली. पण आतोबांचं आणि आमचं येणं-जाणं थांबलं, आणि मला एक नवाच रोग जडला. मी मागच्या सगळ्या वर्षांकडे संशयाने बघायला लागलो. त्यांनी लेबल तीनदा तपासलं ते मदत म्हणून, की फाइल तयार करायला? माझ्या लग्नात ते बैठकीपासून दूर खांबाशी उभे होते, ते का? एखाद्या मोठ्या भाजणीवाल्याचा माल खपावा म्हणून तर हे नव्हतं? असलं काहीही माझ्या डोक्यात येई. आतोबा निदान पाकीट कापून आत बघत. मी न कापताच निकाल देत होतो, आणि वर्षभर देत राहिलो.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता आत्या एकटी खडकीच्या खोलीवर आली. ती त्या खोलीवर पूर्वी कधी आली नव्हती. बसमधून उतरून, विचारत विचारत आली होती. तिच्या हातात कार्यालयाचं साधं छापील पत्र होतं. महिनाअखेर आतोबा निवृत्त होणार होते आणि निरोपसमारंभ होता. मीनलने तिला पाणी दिलं आणि ती पुन्हा कामाला लागली. आत्या बराच वेळ तिचं भरणं बघत राहिली. मग म्हणाली, "मीनल, हात थांबव जरा. मला तुम्हा दोघांना एक सांगायचंय. ती तक्रार मी केली होती."

मला वाटलं ती नवऱ्याला वाचवते आहे. तिने ते ओळखलं.

"खोटं नाही सांगत. माझ्या नावाने, माझ्या सहीने अर्ज आहे. ह्यांनी तुमचं पाकीट आणलं, नेहमीसारखं कापलं, तोललं. आणि कॅलेंडरवर काही लिहिलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, किती भरलं? तर म्हणाले, भाजणी चांगली आहे. मी समजले. तू म्हणतोस फोन का केला नाही. तपासणीच्या आधी कुणाला सावध करणं हे ह्यांच्या दृष्टीने लाच खाण्यासारखंच. आणि ऑफिसात सांगायचं, तर तुमची दिवाळी. चार दिवस माणूस ताटावर बसून उठायचा. पाचव्या दिवशी सकाळी आंघोळीला गेले ते बाहेरच येईनात, नुसता नळ वाहत होता. मी दार वाजवलं, तर आतून म्हणाले, येतो. मी ठरवलं, आता पुरे. ते अंग पुसून येईपर्यंत मी अर्ज लिहिला आणि दुपारी जाऊन दिला."

"मग मलाच फोन करायचास आत्या," मी म्हणालो.

"केला असता तर ह्यांना वाटलं असतं, आपल्या वतीने बायकोने सावध केलं. ते आयुष्यभर टोचलं असतं त्यांना. तुमचं काय, तुम्ही तरुण आहात, धंदा पुन्हा उभा राहील हे मला दिसत होतं. ह्यांचं काही मोडलं असतं तर मला ते जोडता येणार नव्हतं." मग ती पुढे सांगू लागली. "खडकीचा भाग तेव्हा ह्यांच्याकडेच, म्हणून अर्ज ह्यांच्याच टेबलावर आला. ह्यांनी त्यावर लिहिलं, तक्रारदार माझी पत्नी, विरुद्ध पक्ष माझे नातलग, सबब हे प्रकरण दुसऱ्याकडे द्यावं. घरी येऊन मला एक शब्द बोलले नाहीत. तू येऊन ओरडून गेलास तेव्हा मी सांगणार होते, तर डोळ्यांनी गप्प केलं मला. नंतर म्हणाले, त्याला कुणावर तरी रागवू दे, तू त्याची आत्या आहेस, मी काय, बाहेरचाच."

मीनलच्या हातातली पिशवी कधी खाली पडली, ते तिलाही कळलं नसावं.

मी त्याच संध्याकाळी गेलो. आतोबा गॅलरीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तिने सांगितलेलं दिसतंय."

"हो."

"तक्रारदाराने स्वतः सांगितलं तर नियम आड येत नाही," ते म्हणाले आणि पेपराची घडी घातली.

मी माफी मागण्याची वाक्यं वाटेत जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना. शेवटी विचारलं ते भलतंच. "आतोबा, तुम्ही कुणाला सोडत नाही. मग चार दिवस गप्प का बसलात?"

ते खाली रस्त्यावर बघत राहिले. मग म्हणाले, "पाकिटावर माईंचं नाव होतं." मला वाटलं, झालं एवढंच. पण ते पुढे बोलू लागले, आणि इतकं सलग मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याने त्यांच्यावर खोटा आळ घेतला होता, की यांनी माझ्या दुकानात खाल्लं-प्यायलं आणि वर पैसे मागितले. आतोबांनी तिथे फक्त चहा घेतला होता. आठ महिने ते निलंबित होते. नवीन संसार, खिशात काही नाही, आणि नातेवाइकांत कुजबुज. "तेव्हा तुझ्या आईने आम्हाला रोज तुमच्याकडे जेवायला बोलावलं," ते म्हणाले. "बाकीचे लोक माझ्याकडे बघायचे तेव्हा, हा खाल्लेला आहे की नाही, असं बघायचे. माईंनी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही की खरं काय झालं. थालीपीठ वाढायच्या, नको म्हटलं की आणखी एक वाढायच्या. मोजून कधी वाढलं नाही त्यांनी. मला तेव्हाही मोजायची सवय होती, तरी मी त्यांच्याकडे कधी मोजलं नाही." मग म्हणाले, "ते पाकीट कमी भरलं तेव्हा मला वाटलं, हा काटा चुकतोय. तीनदा तोललं. मग दुसऱ्या काट्यावर तोललं. काटा बरोबर होता."

आत्याने चहा आणला. मी घेतला. आतोबांनीही घेतला.

निरोपसमारंभाला मी आणि मीनल गेलो, आत्याबरोबर मागच्या रांगेत बसलो. त्या तरुण निरीक्षक बाई तिथे होत्या. त्यांनी आमच्याकडे बघून ओळखीची मान हलवली. भाषणं झाली. कार्यालयाचे प्रमुख म्हणाले की साहेबांनी पूर्ण सेवेत कधी कुणाला सोडलं नाही, लहान नाही, मोठा नाही, ओळखीचा नाही की अनोळखी नाही. टाळ्या वाजल्या. शाल, नारळ झाला. मग आतोबा बोलायला उभे राहिले. त्यांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, "आत्ता जे सांगितलं गेलं ते पूर्ण बरोबर नाही. माझ्या सेवेतले चार दिवस कमी आहेत. ते मी भरलेले नाहीत. हे इथे सगळ्यांसमोर सांगितलेलं बरं."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग आस्थापनेचे क्लार्क अर्धवट उठून म्हणाले, "नाही नाही साहेब, तुमची रजा उलट शिल्लक आहे! मी आजच बघितलं." सगळं सभागृह हसलं. जाता जाता साहेबांनी स्वतःचीच तपासणी केली, असं कुणीतरी म्हणालं आणि आणखी हसू झालं. आतोबा हसले नाहीत. माणसं हसून संपेपर्यंत ते टेबलाच्या कडेवर हात ठेवून तसेच उभे राहिले, आणि मग "आभारी आहे" एवढंच म्हणून खाली बसले. माझ्या शेजारी आत्या चष्मा पुसत होती, तो काही केल्या पुसून होईना.

मला त्या वेळी उठावंसं वाटलं. ते चार दिवस आमच्यासाठी गेले, हे त्या लोकांना सांगावं असं फार वाटलं. पण मी उठलो नाही. हसणाऱ्या माणसांत कसं उठायचं ते मला कळलं नाही, आणि नंतर चहा-वडे आले, आणि वेळ निघून गेली. आता आतोबा घरीच असतात. मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे जातो, तासभर बसतो. आत्या काही ना काही खायला करते. गप्पा बहुतेक हवेच्या, रस्त्यांच्या, कोण कुठे आजारी आहे याच्या. मधेच एखादी शांतता पडते, तेव्हा मी मनाशी म्हणतो, आज त्यांना सांगू या, की तुमच्या सेवेतले ते चार दिवसही पुरे भरलेले आहेत. मग ते विचारतात, "मीनल कशी आहे?" आणि मी म्हणतो, "मजेत आहे."